फडाच्या बांधावरची झोळी

मातृत्वाची महती गाण्यात आपला समाज कोणाला हार जाणारा नाही. व्यासपीठावर, पाठ्यपुस्तकात, चित्रपटात आई ही देवता असते. ही देवता उसाच्या फडात उतरली की मात्र तिची गणना अर्ध्या कोयत्यात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. बांधावरच्या झोळीत निजलेले तिचे तान्हे मूल तर कोणाच्याच वहीत नसते.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पुढचे पाच-सहा महिने संसार कोपीत. अंधारात फड गाठायचा, दिवसभर तोडणी करायची, मोळ्या बांधून गाडी भरायची आणि परतल्यावर चूल पेटवायची. पहिले सहा महिने मुलाला केवळ अंगावर पाजावे, असे डॉक्टर सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु पाजायला बसले तर मोळ्या कमी पडतात. एक दिवस कोपीत राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या कर्जात जमा. मूल गावी आजीजवळ ठेवावे तर दूध तुटते. बरोबर आणावे तर थंडी, साप आणि ट्रॅक्टरची चाके. थोरल्या मुलीला राखणीला बसवावे तर तिची शाळा सुटते. याला काही शहाणे लोक 'आईची निवड' म्हणतात! जिथे प्रत्येक वाट नुकसानीतच जाते, तिथे निवड कसली? बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. स्त्रीचे शरीरच जिथे खाडा ठरते, तिथे दुसरे काय घडणार?

कायदे नाहीत असे नाही. प्रसूतिकाळातील विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात मांडले. १९२९ साली मुंबई इलाख्यात आणि १९६१ साली देशभर कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा व ५० कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. पण मालक कोण, या प्रश्नाशी येऊन सर्व कलमे थबकतात. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. सरकारही मागे नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील व अन्य कायद्याखाली लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता, ५,००० रुपयांवर आणला. २०२२ मध्ये दुसऱ्या अपत्याचा समावेश झाला, तोही मुलगी झाली तरच! हक्काचे बक्षीस कसे करावे, याचा हा नमुना आहे.

कारखान्यांना हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. यंत्रांची दुरुस्ती, वाहतूक, कर्जावरील व्याज हे सारे साखरेच्या हिशेबात बसते. उद्याचा कामगार वाढविण्याचा खर्च तेवढा बसत नाही, कारण तो आईच्या अंगावर फुकटात टाकलेला आहे. मूल आईजवळच शोभते, असे दुसरे म्हणतील. मान्य! म्हणूनच पाळणाघर फडाजवळ हवे.

आता दोन शब्द आपल्या चळवळीविषयी. टनामागे दरवाढीची मागणी रास्तच आहे. परंतु पाळणाघराची मागणी पत्रकाच्या तळाशी लिहिली जाते आणि वाटाघाटींत सर्वांत आधी तीच सोडली जाते. हा स्त्रियांचा 'वेगळा' प्रश्न नव्हे. अर्ध्या श्रमशक्तीच्या पिळवणुकीचा प्रश्न आहे.

येत्या हंगामाच्या मागणीपत्रकात म्हणून चार गोष्टी अग्रभागी असाव्यात: तोडणी कामगारांचा मुख्य मालक म्हणून कारखान्याची जबाबदारी, स्त्रीची स्वतंत्र नोंद आणि तिच्याच खात्यात मजुरी, गरोदर व बाळंतिणीस खाड्यातून मुक्ती आणि भरपगारी विश्रांती, प्रत्येक तळावर पाळणाघर, आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रीला मानधन नव्हे, वेतन. यांतील एकही मागणी दराच्या बदल्यात विकली जाऊ नये. झोळीतले मूल वहीत चढल्याशिवाय करारावर सही होणार नाही, हे कारखानदारांना आताच बजावले पाहिजे.