थ्रेड : निविदेतील संकेतांक आणि आल्झासचा इतिहास

स्ट्रासबर्गमधील एखाद्या पुलाच्या दुरुस्तीची निविदा युरोपीय संघाच्या ‘टेड’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, तेव्हा कामाच्या ठिकाणाच्या रकान्यात ‘एफआरएफ११’ असा संकेतांक असतो. कंत्राटदार त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिथेच थांबायला हवे.

हा संकेतांक ‘नट्स’ या प्रादेशिक वर्गीकरणातला. १९७०च्या दशकाच्या आरंभी युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाने ते आखले. कायद्याचे अधिष्ठान त्याला २००३ मध्ये मिळाले. आरंभीची दोन अक्षरे देशाची, पुढचे प्रत्येक चिन्ह अधिकाधिक लहान प्रदेशाचे. (ग्रीससाठी ‘ईएल’ लिहितात, कारण ग्रीक लोक स्वदेशाला ‘एलाडा’ म्हणतात.) पहिल्या स्तरावर प्रदेशांची सरासरी लोकसंख्या ३० ते ७० लाख, दुसऱ्यावर ८ ते ३० लाख आणि तिसऱ्यावर दीड ते ८ लाख असावी, असा दंडक आहे.

आता आल्झासकडे पाहावे. १८७१ मध्ये हा प्रांत जर्मन साम्राज्याने घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये हिटलरच्या जर्मनीने गिळला आणि युद्धाअखेर पुन्हा फ्रेंच झाला. इतक्या हस्तांतरांतून टिकलेला हा प्रदेश १ जानेवारी २०१६ रोजी एका कायद्याने लोरेन व शाँपेन-आर्देनसह ‘ग्राँ एस्त’ या नव्या प्रदेशात विलीन झाला. फ्रान्सच्या मुख्य भूमीतील २२ प्रदेशांचे १३ झाले.

वर्गीकरणात मात्र आल्झास उरला. नव्या प्रदेशांची सरासरी दुसऱ्या स्तराची मर्यादा ओलांडत होती. म्हणून त्यांना पहिल्या स्तरावर बसवले आणि त्यांच्याखाली जुने प्रदेश तसेच ठेवले. ग्राँ एस्त झाला ‘एफआरएफ’, आल्झास ‘एफआरएफ१’. संसदेने नकाशावरून पुसलेला प्रदेश लोकसंख्येच्या एका निकषाने निविदेच्या रकान्यात शाबूत राहिला. २०२१ मध्ये आल्झासला स्वतंत्र ‘युरोपीय समूह’ म्हणून काही अधिकार परत मिळाले, हे खरे. पण ग्राँ एस्तमधून तो बाहेर पडलेला नाही.

आकडेवारीची मालिका तुटू नये म्हणून जुने विभाग जपले, असे यावर सांगता येईल. युक्तिवाद रास्त आहे. परंतु एवढ्यावरून या संकेतांकांना निव्वळ तांत्रिक मानणे भाबडेपणाचे ठरेल. दुसऱ्या स्तरावरील प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याला विकासनिधीत झुकते माप मिळते. हंगेरीत बुडापेस्ट आणि भोवतालचा पेश्त परगणा एकाच संकेतांकाखाली होते. राजधानीच्या सुबत्तेत परगण्याची गरिबी झाकली जाई. २०१८ पासून दोघांचे संकेतांक वेगळे झाले. गावे, शेते, रस्ते जागच्या जागी राहिले. बदलला तो भागाकार, आणि त्याबरोबर निधीवरचा हक्क. अशी रेषा कुठे ओढायची, हा राजकीय निर्णयच असतो.

त्याच वर्षी फ्रान्सचेही संकेतांक बदलले. स्ट्रासबर्ग ज्या बा-रँ जिल्ह्यात आहे, तो आधी ‘एफआर४२१’ होता. आजचा संकेतांक टाकून जुन्या निविदा शोधणाऱ्याला त्या सापडणार नाहीत, आणि त्या निघाल्याच नव्हत्या असा त्याचा समज होईल. दफ्तरखान्यात कागद असूनही हरवतो, तो असा.

या संकेतांकांची स्मृतीही निवडक आहे. १८७१ मध्ये आल्झासबरोबर लोरेनचा मोझेल हा भागही जर्मनीकडे गेला होता. धर्म आणि शासन यांची फारकत करणारा १९०५चा फ्रेंच कायदा या दोन्ही ठिकाणी आजही लागू नाही. तिथल्या पाद्र्यांना शासन वेतन देते. तरी मोझेलचा संकेतांक लोरेनखालचाच, ‘एफआरएफ३३’. त्यातले मेत्झ आणि शेजारच्या ‘एफआरएफ३१’मधले नान्सी यांच्यामधून सत्तेचाळीस वर्षे दोन राष्ट्रांची सरहद्द जात होती. आज दोन्ही शहरांच्या निविदा एकाच ‘एफआरएफ३’खाली निघतात.