पेठहून हैदराबाद : विमानाचा हिशोब घरापासून करा

मुलगी हैदराबादेत दिलेली आहे आणि फजरच्या वेळी फोन येतो की तिच्या सासऱ्यांचा इंतिकाल झाला. पेठच्या घरात पहिला प्रश्न निघतो : जनाज्याला पोहोचता येईल का? घरातला तरुण मोबाइल पाहून सांगतो, "ओझरहून विमान आहे, दीड तासात हैदराबाद!" आम्ही म्हणू, हे खरे आहे, पण पुरते नाही.

ओझर ते शमशाबाद हवाई अंतर सुमारे ५७५ कि.मी. आहे. जवळच्या मार्गांवर चालणारे एटीआर हे पंख्याचे विमान ताशी ५०० कि.मी.च्या आसपास जाते. या हिशोबाने सव्वा तास पुरावा. तिकिटावर मात्र जास्त वेळ छापलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरताना वेग कमी करणे हे सारे त्यात धरलेले असते.

आता घरापासून मोजू. पेठ ते नाशिक साधारण ५५ कि.मी., वाटेत सावळघाट. नाशिकहून ओझर आणखी २० कि.मी. म्हणजे दोन तास, पावसाळ्यात त्याहून जास्त. देशांतर्गत विमानाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचावे. शमशाबादहून हैदराबाद शहरात जायला आणखी तासभर. एकूण सहा ते सात तास झाले.

रस्त्याने हेच अंतर साडेसातशे कि.मी.च्या आसपास, म्हणजे चौदा-पंधरा तास. विमानाने निम्मा वेळ वाचतो, पण विमान सुटण्याची वेळ आपल्या सोयीची असेल तरच. ओझरहून विमाने मोजकीच. सकाळी फोन आला आणि विमान रात्रीचे असेल, तर वाचलेले तास वाट पाहण्यातच जातात. अशा वेळी मुंबईचा विचार करावा. पेठहून पाचएक तास लागतात, पण तिथून हैदराबादला दिवसभर विमाने आहेत.

म्हणून तिकीट काढण्याआधी तिकडे फोन करून दफनाची वेळ विचारावी. वेळ जुळत नसेल तर "आम्ही येईपर्यंत थांबा" असा आग्रह धरू नये; दफनात विनाकारण उशीर करू नये, ही आपल्या दीनची शिकवण आहे. जुळत असेल तर एक-दोघांनी विमानाने निघावे, बाकीच्यांनी मागून रेल्वेने किंवा गाडीने यावे.

दोन गोष्टी आजच करून ठेवाव्यात. आधारकार्डावरचे नाव नीट पाहून घ्यावे. शेख, सय्यद, मोहम्मद यांचे स्पेलिंग घराघरांत वेगळे असते आणि तिकिटावर ते कार्डाप्रमाणेच हवे. घरात वृद्ध असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागायची, हे सगळ्यांना सांगून ठेवावे.

जनाजा चुकला तरी ताजियतीसाठी तीन दिवस असतात. मुलीला त्या दिवसांतही माहेरचे माणूस हवेच असते.