शहराचें सांडपाणी व मोटारींचा प्रश्न

शहराचें सांडपाणी शुद्ध करून शेतीस द्यावें, हा विचार आतां सर्वमान्य झाला आहे. पुण्याजवळ मुंढवा येथें, शहराच्या सांडपाण्यासह वाहणारें मुळा-मुठेचें पाणी पंपांनीं उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यांत सोडण्याची योजना आहे. अशा ठिकाणीं शुद्धीकरण केंद्र किती लिटरांचें बांधलें, हें अभिमानानें सांगण्यांत येतें. आमच्या मतें शेतकऱ्यानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: त्या केंद्रांतील मोटारी रोज किती तास चालतात?

मँचेस्टर येथें १९१४ सालीं आर्डर्न व लॉकेट यांनीं मांडलेली आणि आज बहुतेक मोठ्या शहरांत रूढ झालेली पद्धति सूक्ष्म जंतूंवर अवलंबून आहे. हे जंतु मैला खातात. परंतु त्यांस प्राणवायु लागतो. तो पुरविण्यासाठीं मोटारीवर चालणारे ब्लोअर टाकीच्या तळाशीं अखंड हवा सोडतात. हवा फार वेळ बंद राहिली तर जंतु गुदमरतात व पाणी कुजूं लागतें. उचलणारी मोटार चालू आणि शुद्ध करणारी बंद, असें झालें म्हणजे मैला सरळ कालव्यांत येतो.

केंद्राची सुमारें निम्मी, कित्येकदां त्याहूनही अधिक वीज या हवेवरच खर्च होते. म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड ब्लोअरवर पडते. ही काटकसर नव्हे. शहराचा खर्च शेतकऱ्याच्या जमिनीवर लोटणें होय.

खरी काटकसर निराळी आहे. रात्रीं सांडपाणी कमी येतें, तेव्हां हवाही कमी लागते. अशा वेळीं मोटार पूर्ण वेगानें फिरवून झडप आवळण्यापेक्षां मोटारीचा वेगच कमी करणारें साधन बसवावें, आणि पाण्यांत विरघळलेला प्राणवायु दर लिटरास सुमारें २ मिलिग्रॅम राहील इतकाच वेग ठेवावा. शिवाय सतत चालणाऱ्या मोटारीच्या आयुष्यांत विजेचा खर्च तिच्या किमतीच्या कितीतरी पट होतो; तेव्हां स्वस्त मोटार अखेरीस महागच पडते. विहिरीवर पंप चालविणाऱ्या आमच्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको.

म्हणून पाणी घेणाऱ्या गांवांनीं एकत्र होऊन तीन मागण्या कराव्या. प्रत्येक ब्लोअरचे चाललेले तास व प्राणवायूचें माप दररोज जाहीर व्हावें. जादा मोटार व विजेची पर्यायी सोय केंद्रांत सदैव तयार असावी. आणि हवा बंद पडल्यास कालव्याकडील पंप तत्काळ थांबवावे. पाणीपट्टी भरणाऱ्यास इतकें मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.