त्यांचा गारवा, आपला ताप

सप्टेंबर संपत आला की लंडनची भाची व्हिडिओ कॉलवर पिवळी पडलेली झाडं दाखवते. "मावशी, स्वेटर घातला बघ." मेलबर्नला असलेला तिचा चुलतभाऊ सांगतो, तिकडे वसंत सुरू झालाय, परागकणांनी शिंका थांबत नाहीत. आणि मी गोंदियात पंख्याखाली बसून पदराने मान पुसत असते. महिना एकच, पण तिघांचे तीन ऋतू.

यात नवल नाही. २२-२३ सप्टेंबरला जगभर दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, पण ऊन सारखं नसतं. त्या दिवशी भर दुपारी गोंदियात सूर्य क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर असतो, लंडनमध्ये जेमतेम ३८-३९. त्यांचं ऊन तिरपं होऊन निवत जातं. आपल्याकडे पाऊस परततो, ढग हटतात आणि भिजलेल्या जमिनीवर जवळपास डोक्यावरचं ऊन पडतं. पारा ३२-३३ च्या आसपासच असतो. मे महिन्यात ४५ सोसणाऱ्या आपल्या लोकांना तो आकडा काहीच वाटत नाही. पण हवेत ओल असल्याने घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ऑक्टोबरचं ऊन बाधतं ते यामुळे.

तरी माझी तक्रार उन्हाबद्दल नाही. मोबाईलवर येणारा आरोग्यसल्ला त्या तिरप्या उन्हाच्या देशांतून येतो, आणि आपण तो जसाच्या तसा घेतो. ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घ्या, असं तिकडचे डॉक्टर सांगतात. त्यांच्या हिवाळ्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे फ्लूची एक मोठी लाट पावसाळ्यातच येऊन जाते, तेव्हा ज्येष्ठांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी लसीबद्दल डॉक्टरांना पावसाळ्याआधीच विचारावं. आणि आपल्या धानकापणीच्या दिवसांत येणारा खरा धोका त्या सल्ल्यात कुठेच नसतो, कारण तो आजार युरोप-अमेरिकेतला नाहीच.

त्यासाठी लंडन सोडून जपानकडे पाहावं लागतं. तिथे सप्टेंबरच्या याच दिवसांत बौद्ध लोक 'हिगान' नावाचा आठवडा पाळतात, पूर्वजांच्या समाधींवर जातात. उकाडा हिगानपर्यंतच, असं तिथले जुने लोक म्हणतात. भाताची कापणीही याच सुमारास. आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांचे जीव घेणारा 'त्सुत्सुगामुशी' नावाचा ताप तिथे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. या आजाराच्या जंतूच्या शास्त्रीय नावात तोच जपानी शब्द आहे. आपण त्याला स्क्रब टायफस म्हणतो. जपानपासून पाकिस्तानपर्यंत आणि खाली उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचा प्रदेश हे त्याचं जुनं घर, आणि आपला धानपट्टा त्यातच येतो. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूरच्या रुग्णालयांत विदर्भ आणि मध्य प्रदेशातून याचे रुग्ण आले, काही दगावलेही. तेव्हा पेपरांत मोठाल्या बातम्या आल्या. मग आपण विसरलो.

हा ताप डासाने होत नाही. गवतात, झुडपांत, धुऱ्यावर डोळ्याला न दिसणारी माइटची पिल्लं असतात, ती चावल्याने होतो. चावलेलं कळत नाही. साधारण आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. पुष्कळांच्या अंगावर विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, पण सगळ्यांना नाही. ती कुठे असते? काखेत, जांघेत, कमरेला, स्तनांखाली. आपल्या बाया ती पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, घरीही सांगत नाहीत. मी आरोग्यसेविका असताना एक मजूर बाई पाहिली. पाच दिवस गावातल्या गावात सुया टोचून घेतल्या, दोन दिवस अंगारा झाला, मग धाप लागली तेव्हा तिला गोंदियाला आणलं. खपली लुगड्याच्या गाठीखाली होती. ती वाचली. सगळ्याच वाचत नाहीत, आणि दुःख याचं की डॉक्सिसायक्लिन हे यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे. वेळेत मिळालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. मात्र ते डॉक्टरांनीच द्यावं; गर्भवतीला वेगळं औषध लागतं.

आपली अडचण अशी की या दिवसांतल्या तापाला आधीच कारणं तयार असतात. ऊन लागलं. दीक्षाभूमीला गेलो होतो, गर्दीत दगदग झाली. बाहेरची बाधा झाली. मलेरिया-डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली की तर सगळेच निश्चिंत होतात. माझं म्हणणं एवढंच, की बांधीत काम केलेल्या माणसाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर त्याने केंद्रात जाऊन "मी कापणीला होतो, स्क्रब टायफस असेल का?" असं स्वतः विचारावं. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने कापणीचे दोन महिने हे औषध कमी पडू देऊ नये, बाईची खपली बाईने पाहण्याची सोय ठेवावी. ही मागणी ग्रामसभेत लेखी करता येते. त्यात उपकार मागण्यासारखं काही नाही.

कापणी करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. धुऱ्यावर जेवायला बसताना खाली ताडपत्री टाका, कपडे गवतावर वाळू घालू नका. घरी आल्यावर आधी आंघोळ, आणि कामाचे कपडे वेगळे ठेवून धुवा. ज्याच्या शेतात कापणी आहे त्याने दुपारी पाणी आणि सावली दिलीच पाहिजे, मजुरीतून कापून नव्हे.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या दिवशी विहारात बायका जमतातच. तिथे अर्धा तास आशाताईंना द्यावा, पुरुषांना बाहेर बसवावं, आणि कापणीच्या दिवसांत कुणी कुणाची पाठ-कंबर पाहायची, त्या जोड्या तिथेच ठरवाव्यात.