फलालीनच्या गोधडीत कापूस कशाला?

एटापल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि जून ते सप्टेंबर पाऊस मुक्काम ठोकतो. गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात फलालीनची गोधडी शिवताना आत कापूस भरायचा की नाही, हे या दोन्ही ऋतूंकडे बघून ठरवावं. भरू नये.

ऊब खरी असते ती धाग्यांत अडकलेल्या हवेची. फलालीनची लव तेच काम करते. फलालीनचे दोन पदर आणि मधे जुन्या सुती लुगड्याचा एक, एवढ्यावर इथली थंडी भागते. महाराष्ट्रात गोधडी पिढ्यान् पिढ्या अशीच शिवली गेली: पदरावर पदर आणि दाट धावदोरा. पिंजलेला कापूस मात्र टाके विरळ असले की धुताना सरकतो, गोळे होतात, मधे नुसतं कापड उरतं. पावसाळी हवेत तो लवकर वाळतही नाही. कुबट वास धरतो.

वाऱ्याचा प्रश्न खरा आहे. बांबूच्या तट्ट्यांतून तो आत येतो आणि सैल विणीच्या फलालीनमधूनही. त्यासाठी वरच्या अंगाला घट्ट विणीचं सुती कापड लावावं.

पॉलिस्टरचा भराव हलका असतो, चटकन वाळतो. पण शेकोटीजवळ झोपणाऱ्या घरात तो नकोच. ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो. फलालीनची लवही भर्रकन पेट घेते, तेव्हा कोणतीही गोधडी जाळापासून लांबच हवी.

म्हाताऱ्या माणसांसाठी कापूस भरायचाच असेल, तर टाक्यांच्या ओळी दोन-तीन बोटांवर घालाव्यात. फलालीन आधी धुऊन घ्यावं. ते साध्या सुती कापडापेक्षा जास्त आटतं.