कुंपणच शेत खाते तेव्हा



याफो येथील प्रोटेस्टंट दफनभूमीत सर मोझेस मॉन्टेफिओरी यांनी आपल्या मित्राच्या कबरीवर स्मारकस्तंभ उभारला. ते मित्र म्हणजे डॉ. थॉमस हॉजकिन. मॉन्टेफिओरींसमवेत प्रवासास आले असता १८६६ साली याफो येथेच त्यांचे निधन झाले. लसिकाग्रंथींच्या ज्या रोगाचे वर्णन त्यांनी १८३२ साली केले, तो कर्करोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या रोगाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता नवल वाटते. तीत खऱ्या कर्कपेशी बहुधा शेकडा एकाच्या आसपास. उरलेली गर्दी बहुतांशी शरीराच्या रक्षक पेशींची! कर्कपेशीही मूळच्या रक्षक बी-पेशीच. मग इतके पहारेकरी असता चोर वाढतो कसा? कर्कपेशी रासायनिक संदेश धाडून त्यांना जवळ बोलावतात, कित्येकांकडून वाढीस पोषक द्रव्ये मिळवितात आणि मारक टी-पेशींना ‘पीडी-१’ नावाची जणू कडी घालून कोंडतात.

ही कडी काढणारे निव्होलुमॅब हे औषध अमेरिकेत २०१६ साली, रोग उलटलेल्या रुग्णांसाठी मान्य झाले. मात्र मोकळा सुटलेला पहारेकरी कधी घरच्यांवरही काठी उगारतो. फुप्फुसे, आतडी यांना सूज येते. म्हणून वैद्यकीय देखरेख हवीच.

मान, काख वा जांघेतील न दुखणारी गाठ काही आठवडे टिकली, तर ‘दुखत तर नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी करावा, आपण नव्हे.