ईदला शिरखुर्मा, नाताळला केक, आणि बुधवारी?

गेल्या पावसाळ्यात रविवारी दुपारी मी नंदाखालला मैत्रिणीच्या ओटीवर मुलांना पुस्तके वाचून दाखवायला जात होते. मी सोपाऱ्याची, नंदाखाल रिक्षाने जवळ. पिशवीत खाण्यापिण्यावरची चित्रपुस्तके भरलेली असायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. भाज्यांची, फळांची, आजीच्या स्वयंपाकघराची. एकदा सात-आठ वर्षांच्या एका मुलाने केळ्याचे पान उघडले. चित्रात हातगाडी, फळवाला आणि पिवळ्या केळ्यांची फणी. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, लोंगर कुठाय?"

त्याच्या मागे दहा पावलांवर, वाडीत, लोंगर लटकत होता.

मी विषय बदलला. उत्तर सोपे होते, पण मुलाला सांगण्यासारखे नव्हते. हे पुस्तक करणाऱ्यांना केळे विकत घेणारा मुलगा माहीत आहे. ज्याच्या घरी केळे पिकते तो मुलगा त्यांच्या हिशेबातच नाही.

त्या रात्री पिशवीतली सगळी पुस्तके मी पुन्हा चाळली. स्वयंपाकघर जवळजवळ एकच. पोळी, वरणभात, तुपाची धार, कोशिंबीर. यात वाईट काही नाही, मलाही वरणभात आवडतो. पण शेवटची दोन पाने 'आपले सण' म्हणून राखून ठेवलेली. दिवाळीचा फराळ, जाळीची टोपी घातलेल्या मुलापुढे शिरखुर्म्याची वाटी, आणि सांताक्लॉजशेजारी केक. याला हे लोक विविधता म्हणतात! या पुस्तकांतले मुसलमान मूल ईदच्या दिवशी जेवते आणि ख्रिस्ती मूल २५ डिसेंबरला. बाकीचे वर्षभर दोघे उपाशी असावेत.

बुधवारी आम्ही काय खातो, हे कोणी विचारत नाही. माझ्या घरी बुधवारी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी असते. नंदाखालच्या मैत्रिणीकडे एका बुधवारी गेले तर तेच ताटात होते, फक्त मसाला वेगळा. अर्नाळ्याच्या कोळणीकडे त्याहून ताजे. तीन घरे, तीन धर्म, एकच समुद्र आणि एकच तांदूळ. सणाच्या पानावर आम्हाला तीन वेगळ्या चौकटींत बसवतात आणि रोजच्या ताटात आम्ही शेजारी आहोत हे लपून जाते. सणाच्या पानाचा मला राग आहे तो यासाठी. ते पान एकोप्याचा आव आणते आणि काम वेगळे काढण्याचे करते.

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांनी साधे, रोजचे घर मराठी मुलांच्या हातात दिले, हे मोठे काम आहे. पण राधाच्या घराला शेजार हवा. तो शेजार इतरांनी काढायचा होता.

प्रकाशकांशी बोलले की ठरलेले उत्तर येते: मासे-मटणाचे चित्र शाळा घेत नाहीत, पालक तक्रार करतात, लहान मुलांना त्रास होतो. कोणत्या मुलांना? अर्नाळ्याच्या बंदरावर रोज सकाळी बोंबील उतरताना पाहणाऱ्या मुलाला? एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक १९६९ सालचे. आज वसई-विरारच्या कितीतरी इंग्रजी शाळांच्या बालवर्गात ते वाचून दाखवतात. तो सुरवंट शनिवारी सलामी खातो, सॉसेज खातो. त्यावर एकाही पालकाची तक्रार मी ऐकलेली नाही. परदेशी सुरवंटाने सॉसेज खाल्ले तर ते साहित्य, आणि सोपाऱ्याच्या मुलीने जवळा खाल्ला तर तो वास! गोमांसाचा वाद मी इथे आणलेलाही नाही. मी सुका बोंबील मागते आहे, आणि तोही जास्त वाटतो.

दक्षिणेत हे करून झाले आहे. हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ मध्ये मुलांसाठी गोष्टींची एक मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणली. तिच्यात मोहम्मद खदीर बाबू यांची गोष्ट आहे, घरात बकऱ्याची मुंडी शिजते त्या दिवसाची. त्याआधी, २००७ मध्ये, कांचा इलैया यांनी कुंभार, चांभार, शेतकरी यांच्या श्रमावर मुलांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि दुर्गाबाई व्याम यांनी त्याची चित्रे काढली. आपल्याकडे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ मध्ये आले. मोठ्यांसाठी आले, आणि मोठ्यांनी त्याचे कौतुकही केले. मुलांच्या पुस्तकात मात्र अन्न अजून पूर्णब्रह्मच आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चित्राने काय होते. मग अंड्याचे काय झाले ते आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितले, द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या. आदिवासी पाड्यावरच्या मुलाचे अंडे गेले. बातम्या आल्या, थोडा आरडाओरडा झाला आणि विरला. ज्या मध्यमवर्गाने आपल्या मुलांच्या पुस्तकात 'पौष्टिक आहार' म्हणून दूध, पालेभाजी आणि सफरचंद एवढेच पाहिले, त्याला एक अंडे कमी झाल्याचे कळणार तरी कसे? कागदावर जे कधी दिसलेच नाही, ते ताटातून काढणे सोपे जाते.

आता आपल्या घरात बघू. आपल्याकडेही मुलांसाठी जेवणावरच्या पुस्तिका निघतात. बिस्मिल्ला म्हणा, उजव्या हाताने खा, पाणी बसून प्या. माझ्या आईनेही मला हेच शिकवले. पण त्या पुस्तिकांत तांदूळ कुठून आला याचे एक पान नसते. चित्रात मुलगा दुआ म्हणतो, अब्बा शेजारी बसलेले, आणि अम्मी दारातून वाफाळते भांडे घेऊन येते. त्या दस्तरखानावर ती बसलेली मी एकाही पानावर पाहिली नाही. पैगंबर घरकामात हातभार लावत, स्वतःची चप्पल स्वतः सांधत, हे हदीसमध्ये आहे आणि आपण ते वाझमध्ये ऐकतोही. मग कांदा चिरणारा अब्बा काढायला कोणत्या आलिमची परवानगी हवी? बहुसंख्यांच्या पुस्तकातही आई ओट्याशी आणि बाबा वर्तमानपत्रामागे असतात. एवढ्या एका बाबतीत आपली सगळ्यांची एकी आहे.

आणि आता ते पान, जिथे आपल्याच वाचकांचा हात थांबेल. नंदाखालच्या ख्रिस्ती घरात लग्नाला, सणाला डुकराचे मटण शिजते. माझ्या घरी ते खात नाहीत, मी खाणार नाही. नंदाखालच्या मुलाचे पुस्तक झाले तर त्यात ते दिसावे का? दिसावे. माझ्या मुलीने ते पान बघितले तर काय होईल? ती विचारेल, आपण का नाही खात? मी सांगेन. पाच मिनिटांचे बोलणे आहे. जे पान मला नको ते झाका आणि माझा बोंबील मात्र छापा, असे म्हणण्याचे तोंड मला नाही. शाकाहारी आईही तिच्या मुलाला याच पाच मिनिटांत सांगू शकते. पुस्तक कोणाच्या तोंडात घास कोंबत नाही.

नंदाखालच्या पुस्तकात काढायला काय नाही? बावखल आहे, वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहतात. पूर्वी त्यावर रहाट होता, बैल फिरायचा आणि पाटाने पाणी केळीला जायचे. नंतर पंप आले. विड्याच्या पानांची वेल आहे, पडवळाचा मांडव आहे. पहाटेच्या लोकलने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईला गेलेल्या बायका आहेत. आणि सुकेळी आहे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात घालायची. संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा घालायची. असे कितीतरी दिवस, मग ती मधासारखी काळपट होतात. आगाशीची सुकेळी एकेकाळी मुंबईभर नावाजलेली, आता ती करणारी घरे मोजकीच उरली आहेत. चित्रपुस्तकाला याहून चांगली गोष्ट कोणती? प्रत्येक पानावर रंग बदलतो, आणि शेवटी खायला मिळते.

मजकूर मराठीत असावा आणि खाली सामवेदी बोलीत, म्हणजे कादोडीत. सोपाऱ्याच्या पुस्तकात खाली आमची कोकणी बोली. पदार्थांची नावे बोलीतच जगतात, प्रमाण मराठीत आणली की त्यांची भाजी होते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. हरित वसईच्या लढ्यात ते वाड्या आणि पाणी वाचवायला उभे राहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. बावखले बुजवून इमारती उभ्या राहणे त्यांच्या हयातीत थांबले नाही, आजही थांबलेले नाही. आज जो मुलगा 'लोंगर कुठाय' विचारतो, त्याचा मुलगा हातगाडीचे चित्र बघून काहीच विचारणार नाही.

पैशाचे कारण मला सांगू नका. प्रथम बुक्सने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर हजारो चित्रपुस्तके मोफत खुली केली आहेत. तिथे कोणीही गोष्ट लिहू शकतो, भाषांतर करू शकतो, छापून वाटू शकतो. चित्रकार हवा, तर वसईत चित्रे काढणारे हात पुष्कळ आहेत. आपल्या मंडळाकडे दरवर्षी इफ्तार मिलनाच्या फ्लेक्सला पैसे निघतात. या वर्षी एक फ्लेक्स कमी करू. नंदाखालच्या ओटीवरच्या मुलांनी सुकेळीची अकरा पाने पेन्सिलीने काढून माझ्याकडे दिली आहेत. बाराव्या पानावर काय काढायचे यावर त्यांचे भांडण चालू आहे. निम्म्यांना आजी हवी आहे, निम्म्यांना माशी.